डभोईची अफू आणि बॉस्टनची गोळी
डभोईची हिरा भागोळ पाहताना मला दाभाडे घराणे आठवत राहिले. १ एप्रिल १७३१ रोजी याच परिसरात बाजीरावांशी लढताना सेनापती त्र्यंबकराव पडले. पद भाऊ यशवंतरावांकडे आले. पण ते दारू आणि अफूच्या आहारी गेले आणि सत्ता दमाजी गायकवाडांच्या हाती सरकली.

अफू गुंगी आणते. विसाव्या शतकात डॉक्टरांनी उलटी वाट धरली, तरतरीची. १९३६च्या सुमारास बॉस्टनचे एब्राहम मायर्सन खिन्न रुग्णांना बेन्झेड्रीन, म्हणजे अ‍ॅम्फेटामाइन, देऊ लागले. मरगळ लगेच हटे. पण असर उतरला की मन पुन्हा खाली. मग मात्रा वाढे, चटक लागे. १९५७ साली स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रामीनचा गुण मांडला. त्याला आठवडे लागतात, पण त्याची चटक लागत नाही. आज नैराश्यावर उत्तेजक औषध दिलेच तर क्वचित, जोडीला आणि डॉक्टरांच्या नजरेखाली.

वाचकहो, घरात कुणी महिनाभर गप्प गप्प असेल, तर झटपट उभारीच्या मागे लागू नका. डॉक्टरांकडे न्या, आणि ते आठवडे त्याच्यासोबत काढा.