भिंतीआडचे प्रेक्षक

घरापासून दूर, परप्रांती स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना नाटकाची ओढ काय असते, हे सांगावयास नको. पुण्या-मुंबईहून नाटक येणार अशी नुसती वार्ता आली, तरी घरोघरी उत्साह संचारतो. नाटक आपल्याकडे यावे लागते. मनात येईल तेव्हा आपल्याला त्याच्याकडे जाता येत नाही. ही उणीव आपण पुरती जाणतो. म्हणूनच, ज्यांना नाट्यगृहाची पायरी चढणेच अशक्य, अशांकडे नाटक गेले तेव्हा काय घडले, याची एक हकीकत या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत नोंदवावीशी वाटते.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ खाडीकाठी सॅन क्वेंटिन नावाचा जुना तुरुंग आहे. १९१३ साली सारा बर्नहार्ट ही विख्यात फ्रेंच अभिनेत्री तेथे आपली कला सादर करून गेली होती. त्यानंतर तब्बल ४४ वर्षे तेथे नाटकाचा प्रयोग झाला नव्हता. १९ नोव्हेंबर १९५७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या 'अ‍ॅक्टर्स वर्कशॉप' या नाट्यसंस्थेने तेथे सॅम्युएल बेकेट यांचे 'वेटिंग फॉर गोदो' सादर केले. या निवडीमागे फार मोठा विचार नव्हता. नाटकात एकही स्त्रीपात्र नाही, हेच मुख्य कारण!

दोन फाटके इसम एका झाडापाशी कोणा गोदोची वाट पाहत आहेत. तो येत नाही. दुसऱ्या अंकातही येत नाही. एवढेच कथानक. १९५३ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, तेव्हापासून ते दुर्बोध म्हणून गाजत होते. १९५६ च्या जानेवारीत मयामी येथे हसवणूक करणारे नाटक अशी जाहिरात करून ते लावले गेले, तेव्हा सुखवस्तू प्रेक्षक मध्यंतरातच उठून गेले होते. सुशिक्षितांनी पाठ फिरवलेले हे नाटक सुमारे १४०० कैद्यांपुढे करावयाचे, या कल्पनेने नटांच्या पोटात गोळा आला असल्यास नवल नाही.

प्रयोग होता तुरुंगाच्या भोजनगृहात. अंधारात सिगारेटी पेटवणाऱ्या काड्या लुकलुकत होत्या. दिग्दर्शक हर्बर्ट ब्लाउ पुढे आले. जॅझ संगीत ऐकताना अर्थाचा हट्ट धरू नये, ज्याला जे गवसेल ते त्याने घ्यावे, तसेच हे नाटक पाहावे, अशा आशयाचे चार शब्द ते बोलले आणि पडदा उघडला. बायका आणि थट्टामस्करी पाहावयास मिळेल या आशेने आलेले, नाही तर उठून जाऊ असे ठरवून बसलेले काही जण होते. तेही शेवटपर्यंत जागेवर खिळून राहिले. पुढे गोदो कोण, यावर तुरुंगात चर्चा झडल्या. कोणाला तो समाज वाटला, तर कोणाला भिंतीपलीकडचे जग. वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणत्या समीक्षकाने समजावून सांगावे?

त्या रात्री एक श्रोता मात्र सभागृहात नव्हता. सुटकेची आशा नसलेली जन्मठेप भोगणाऱ्या रिक क्लुची याला कोठडीबाहेर येण्याची मुभा नव्हती. ध्वनिक्षेपकावरून येणारे संवाद तेवढे त्याने ऐकले. तेवढ्याने त्याचे आयुष्य पालटले. अ‍ॅक्टर्स वर्कशॉपचे अ‍ॅलन मॅन्डेल यांच्या साहाय्याने कैद्यांनी स्वतःचे नाट्यमंडळ उभारले. १९६१ साली त्यांनी स्वतः 'गोदो' केले. कोठे, तर पूर्वी जेथे फाशी दिली जात असे, त्याच खोलीत! क्लुचीची शिक्षा १९६६ साली सौम्य झाली आणि तो बाहेर आला. पुढे बर्लिनमध्ये खुद्द बेकेट यांच्या दिग्दर्शनाखाली त्याने काम केले. २०१५ साली तो निवर्तला.

आपल्या देशातही असे प्रयत्न झाले आहेत. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कारागृहात नृत्यांगना अलकनंदा रॉय यांनी बंदिजनांना घेऊन रवींद्रनाथांचे 'वाल्मीकि प्रतिभा' बसवले. 'वाल्याचा वाल्मीकी' हा शब्दप्रयोग आपण सहज बोलण्यात करतो. तेथे तो रंगमंचावर जिवंत उभा राहिला.

तथापि, नाटकाने माणसे सुधारतात असा सोपा निष्कर्ष येथे काढावयाचा नाही. नाटक पाहणारे सारेच क्लुची होत नाहीत. ध्यानी घ्यावयाचे ते निराळेच. तुरुंगात, रुग्णालयात वा दूरच्या वस्तीत कोणी काही समजणारच नाही, असे गृहीत धरून त्यांच्यापुढे हलकेफुलके काही तरी टाकणे, हा त्यांचा अपमान आहे. शिवाय, एकदा जाऊन प्रयोग करून येणे सोपे असते. खरे काम त्यानंतर सुरू होते, रंगमंच त्यांच्या स्वाधीन करण्याचे.

मंडळाने पन्नास वर्षे आपल्यासाठी नाटक जिवंत ठेवले, हे ऋण मोठे आहे. यापुढे दरवर्षी आपला एक तरी प्रयोग, जेथून कोणी तिकीट काढून येऊ शकत नाही अशा एखाद्या दाराशी घेऊन जाता आला, तर? तेथेही कोणी तरी वाट पाहत असेल.