तळं बांधणारे आणि गाळ काढणारे

विद्यापीठाच्या संग्रहालयाला देणगी द्यावी का, असा आजचा विषय. शिरूर आणि दौंडच्या माणसांपुढे हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. संग्रहालयं पुण्या-मुंबईत असतात, आपल्याकडे ऊस असतो. पण या दोन तालुक्यांची सगळ्यात जुनी घरं, सगळ्यात जुनी भांडी आणि सगळ्यात जुनी माणसं आज येरवड्याला, डेक्कन कॉलेजच्या ताब्यात आहेत. तेव्हा विषय आपल्या घरचाच आहे.

घोड नदीकाठचं इनामगाव, तालुका शिरूर. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात तिथं उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 अशी नऊशे वर्षांची वस्ती उजेडात आली. शंभरावर घरं सापडली. त्यांत पाच खोल्यांचं एक मोठं घर, शेजारीच धान्याचं कोठार. नदीचं पाणी वळवण्यासाठी पाट होता. लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. मेलेलं मूलसुद्धा घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, अशी ती माया. दौंड तालुक्यात, भीमा आणि मुळा-मुठेच्या संगमाशी असलेल्या वाळकीलाही त्याच काळातली शेतकऱ्यांची छोटी वस्ती मिळाली.

इनामगावात एक बिनडोक्याची स्त्रीमूर्ती मिळाली, सोबत एक बैल. मूर्तीला आणि बैलाला भोकं आहेत. काडी घालून ती बैलावर बसवता यावी म्हणून. कलेच्या पुस्तकात जिची गणना व्हावी अशी ही वस्तू, पण ती आहे कच्च्या मातीची. भाजलेली नाही. तीन हजार वर्षं जमिनीनं सांभाळली. बाहेर काढल्यावर सांभाळायची जबाबदारी कुणाची? दमट हवा, धूळ, एक चुकीचा हात, एवढं पुरे आहे. आपला देणगीचा प्रश्न इथं सुरू होतो.

आता डेक्कन कॉलेज उभं कशावर राहिलं ते पाहा. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली प्रथा पुढे पेशव्यांनी चालवली. 1818 मध्ये राज्य गेलं. इंग्रजांनी दक्षिणेतला काही पैसा शिक्षणाकडे वळवला, आणि 6 ऑक्टोबर 1821 ला विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज निघालं. म्हणजे पुण्यासाठी दिलेला पैसा विद्येसाठी वापरला गेला. त्याचंच पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झालं. 1864 मध्ये येरवड्याच्या इमारतीची पायाभरणी झाली, 1868 मध्ये कॉलेज तिथं गेलं. त्या इमारतीच्या खर्चातला मोठा वाटा जमशेटजी जीजीभाई या पारशी घराण्याचा.

1934 मध्ये सरकारनं हे कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले. एका कामासाठी लोकांकडून पैसा घेतला की तो त्याच कामाला लागला पाहिजे, सरकार झालं तरी मालक होत नाही, ही त्यामागची भावना. अखेर 17 ऑगस्ट 1939 ला कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. त्याच वर्षी दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी जमवलेला मराठ्यांच्या इतिहासाचा संग्रह साताऱ्याहून तिथं आला, आणि सांकलियाही त्याच वर्षी रुजू झाले. माजी विद्यार्थी गप्प बसले असते, तर इनामगाव खणायला कोण आलं असतं, याचा विचार करा.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून शास्त्रातली एक गोष्ट सांगतो. दान म्हणजे काय? आपली मालकी संपवायची आणि दुसऱ्याची मालकी उत्पन्न करायची. गाय दिली, ती त्याची झाली. पण तळं, विहीर यांना हे लागू होत नाही. त्यासाठी वेगळा शब्द आहे, उत्सर्ग. तळं सर्वांसाठी सोडायचं. ते कुणा एकाचं होत नाही, आणि देणाऱ्यालाही इतरांसारखं त्यातलं पाणी घेता येतं. भारतरत्न पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हा भेद मांडलेला आहे. विद्यापीठाच्या संग्रहालयाला दिलेली देणगी या दुसऱ्या जातीची. देणारा शिरूरचा असो, पाणी सगळ्यांनी प्यायचं, त्याच्या नातवानंही.

आणि तळ्यात गाळ साचतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. नवं तळं बांधणाऱ्याचा शिलालेख लागतो, गाळ काढणाऱ्याचा लागत नाही. आपल्या शास्त्रकारांना हे ठाऊक असावं, कारण जीर्णोद्धाराचं पुण्य नव्या बांधकामापेक्षा मोठं मानणारी वचनं त्यांनी केली. आजची देणगी मात्र दालनाच्या पाटीकडे धावते. पाटीला माझा विरोध नाही. पण वस्तूंची नोंद ठेवणारा माणूस, दमटपणा मोजणारं यंत्र, रांजणाचे तुकडे सांधणारा कारागीर, गावच्या शाळेची बस, यांना पैसे कोण देणार? संग्रहालयं मोडतात ती या किरकोळ वाटणाऱ्या खर्चावर.

पैसा आहे कुठं? तुमच्या दारात. शिरूर तालुक्यात रांजणगाव, दौंडमध्ये कुरकुंभ, दोन्हीकडे एमआयडीसी. 2013 च्या कंपनी कायद्याचं 135 वं कलम ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला सांगतं. त्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला आणि संस्कृतीचं जतन स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. शाळेला बाक आणि गावाला पाण्याची टाकी जरूर द्यावी. पण त्या यादीत इनामगावच्या मातीच्या मूर्तीचंही नाव घालायला सांगणारं कुणी हवं. ते काम ग्रामपंचायतीचं, शिक्षकांचं, माजी विद्यार्थ्यांचं.

देताना दोन गोष्टी लिहून घ्या. पैसा कशासाठी, हे स्पष्ट शब्दांत. आणि दरवर्षी त्याचा हिशेब आणि वस्तूंची यादी पाहायला मिळेल, हे. याला अविश्वास म्हणू नका. उद्देश स्पष्ट नसेल, तर उद्या कोर्टात जायची वेळ आली तरी हातात काही राहत नाही.

आणि देणगी द्यायच्या आधी एकदा येरवड्याला जाऊन या. मुलांना न्या. आपल्याच शिवारातला रांजण त्यांना दाखवा. प्रश्न तेच विचारतील.