देणग्यांचे पैसे आणि ऐंशी रुपयांचे कर्ज



आपल्या मंडळाला यंदा एका कंपनीकडून शिवणयंत्रे मिळावयाची आहेत. त्यावरून मागच्या बैठकीत दोन तट पडले. कोणी म्हणाल्या, लक्ष्मी आपण होऊन दारी आली आहे, नाही कशाला म्हणायचे? कोणी म्हणाल्या, अशा देणग्यांनी आजवर कोणाचे दारिद्र्य फिटले आहे? मी सातवीपर्यंत शिकलेली. मोठा निवाडा मी काय करणार! परंतु आपल्या मुंबईचाच इतिहास थोडासा पाहिला, तो येथे मांडते.

माहीमहून वांद्र्याला पूर्वी होडीने जावे लागे. होड्या उलटून माणसे बुडत. लेडी अवाबाई जमशेटजी यांनी आपल्या पैशाने तेथे रस्ता बांधून दिला आणि लोकांकडून जकात घ्यावयाची नाही अशी अट घातली. १८४५ साली तो खुला झाला. खर्च दीड लाखाच्या वर गेला. पाटी डोक्यावर घेऊन बाजारास जाणाऱ्या बाईला कोणी काही फुकट दिले नाही. तिची वाट तेवढी मोकळी केली. मला हे दान फार शहाणपणाचे वाटते.

गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले. आईचे नाव द्यावे ही त्यांची अट होती, आणि नाथीबाईंचे नाव आजही तेथे आहे. त्या विद्यापीठात शिकून कित्येक मुली स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. मात्र गिरणीतल्या कामगाराच्या खोलीतले दारिद्र्य त्याने हटले असे कोणी म्हणणार नाही. तो प्रश्न पगाराचा होता, देणगीचा नव्हे.

आता तर दान कायद्यातच आले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे, १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्यातले निदान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. २०२२-२३ साली हा खर्च सुमारे तीस हजार कोटी रुपये झाला. आकडा ऐकून डोळे फिरतात. पण देशातल्या एकशेचाळीस कोटी माणसांत वाटून पाहा: माणशी वर्षाला दोनशे चौदा रुपये, म्हणजे महिन्याला अठरा. शिवाय त्यातला मोठा वाटा आपल्या महाराष्ट्रासारख्या, जिथे कारखाने आहेत अशा प्रांतांतच पडतो. खर्चून झाल्यावर त्याचा काही उपयोग झाला का, हे मोठ्या कामांपुरते तपासण्याची सक्ती तर २०२१ साली झाली. आपण घरी भाजीचासुद्धा हिशेब लगेच मागतो!

आता गिरगावची गोष्ट. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासच्या गच्चीवर सात गुजराती भगिनी पापड लाटावयास बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही छगनबाप्पा पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. पहिल्याच पावसाळ्यात चार महिने काम बंद पडले, कारण पापड वाळणार कोठे? दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! ज्या बाईने पावसाळ्यात पापड वाळवले असतील तिलाच या युक्तीची किंमत कळेल. तोटा आला तरी कोणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. कमी प्रतीचा स्वस्त पापड काढण्याचा मोह छगनबाप्पांनी मोडून काढला. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाचे साह्य १९६६ साली मिळाले, पण तोवर धंदा उभा राहिला होता. आज लिज्जतमध्ये चाळीस हजारांवर भगिनी आहेत. केंद्रावरून पीठ घरी न्यायचे, पापड लाटून आणून द्यायचे, मजुरी घ्यायची, नफातोटाही त्यांचाच. संस्थापिकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

तेव्हा यंत्रांना नको म्हणा असे माझे म्हणणे नाही. छगनबाप्पांचे पैसेही बाहेरूनच आले होते. पण ते परत करावयाचे होते, आणि पापड विकत घेणारा भुलेश्वरचा व्यापारी आधीच ठाऊक होता. आपल्या यंत्रांवर शिवलेले कपडे कोण घेणार, सुई मोडली तर खर्च कोणी करावयाचा, आणि शिलाईचा दर कोण ठरवणार, या तीन गोष्टी कंपनीच्या पत्रात नाहीत. पुढच्या बैठकीत पत्राला उत्तर लिहावयाचे आहे, त्यात त्या विचाराव्यात असे मी चिटणीसबाईंना कळवले आहे.