सुरक्षा प्रमाणपत्राची साखळी कुठे तुटते?

संकेतस्थळ उघडताना ब्राउझरने धोक्याचा इशारा दिला, की सर्व्हर सांभाळणाऱ्याचा पहिला संशय प्रमाणपत्राच्या मुदतीवर जातो. बहुधा तो खराही ठरतो. नवे प्रमाणपत्र आणून ठेवले, पण सर्व्हरला ते पुन्हा वाचायला लावलेच नाही, ही चूकही नित्याची. मुदत शिल्लक असूनही इशारा येत असेल, तर साखळी तपासावी लागते. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर मध्यस्थाची स्वाक्षरी असते आणि मध्यस्थाच्या प्रमाणपत्रावर मूळ संस्थेची. मूळ प्रमाणपत्र वापरणाऱ्याच्या संगणकात आधीच असते. मध्यस्थाचे मात्र सर्व्हरने पाठवायचे असते. ते राहिले, तर काही ब्राउझर ती उणीव स्वतःच भरून काढतात, काही अडून बसतात. ‘आमच्याकडे तर चालते’ हे उत्तर म्हणूनच निरुपयोगी.

३० सप्टेंबर २०२१ रोजी प्रकार वेगळाच घडला. विनामूल्य प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’च्या साखळीतील ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत त्या दिवशी संपली. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे वैध होती. तरीही ‘ओपनएसएसएल १.०.२’ वापरणाऱ्या अनेक यंत्रांनी जोडणी नाकारली. नवे मूळ प्रमाणपत्र जवळ असूनही ही आवृत्ती सर्व्हरने दाखवलेल्या जुन्या वाटेनेच जाई आणि मुदतबाह्य मुळाशी अडखळे. अशा यंत्राच्या विश्वासयादीतून जुने मूळ काढून टाकले, की जोडणी पूर्ववत होई. सर्व्हरचे प्रमाणपत्र त्याच साखळीसह नव्याने घेऊन मात्र काहीच साधत नव्हते.