कूटच्या वेढ्यांतील मराठा शिपाई

ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत धर्मगुरूंचीं व दात्यांचीं नांवें वाचकांस अन्यत्र आढळतीलच. आम्ही येथें अशा माणसाची हकीकत देत आहों, ज्याचें नांव कोणीं फारसें लिहून ठेविलें नाहीं: पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत लढलेला मराठा शिपाई. तो बहुधा आपल्या धर्माचा नव्हता. परंतु सदसद्विवेकाची जी कसोटी त्यास द्यावी लागली, ती ख्रिस्ती वाचकांस परकी वाटूं नये.

१९१४ सालीं शिपायाचा पगार दरमहा ११ रुपये होता. शेताचा तुकडा लहान, खाणारीं तोंडें फार. त्यामुळें पलटणींत नांव घालणें ही सातारा व रत्नागिरीकडील पुष्कळ घरांची जुनी चाल होती. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी जनरल टाउनशेंड यांच्या सहाव्या पुणें डिव्हिजनमध्यें होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्यें बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथें चार हजारांहून अधिक माणसें मृत व जखमी होऊन ही फौज मागें हटली, आणि डिसेंबरांत तैग्रिस नदीच्या वळणांतील कूट-अल-अमारा गांवांत तुर्कांनीं तिला कोंडलें.

वेढा जवळजवळ पांच महिने चालला. धान्य संपत आलें तेव्हां घोडे मारून त्यांचें मांस शिध्यांत देण्यांत येऊं लागलें. गोऱ्या शिपायांनीं तें खाल्लें. हिंदी शिपायांपैकीं बहुतेकांनीं नाकारलें. हिंदुस्थानांतून धर्माचार्यांच्या अनुज्ञेच्या तारा मागविल्या, तरीहि त्यांचें मन वळेना. अनुज्ञा देणारा आचार्य दूरचा. गांवीं पंक्तीस बसूं न देणारे भाऊबंद मात्र जन्माचे! यास हट्ट म्हणणारे लेखक आहेत. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. परिणाम मात्र भयंकर झाला. ताजें मांस नाहीं, भाजी नाहीं, त्यामुळें हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरली. हिरड्या सुजल्या, जखमा भरून येईनात. उलट गोऱ्यांस पांढऱ्या पावामुळें बेरीबेरी जडली, आणि शिपायाच्या कोंड्यासकट आट्यानें ती आटोक्यांत आली. अखेर एप्रिलमध्यें हजारों हिंदी शिपायांनीं घोड्याचें मांस खाल्लें. पण तोंवर शरीरांत त्राण उरलें नव्हतें.

२९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें तेरा हजार माणसें शरण गेलीं. टाउनशेंडसाहेबांस मार्मरा समुद्रांतील बेटावर बंगला मिळाला. शिपायांस शुमरानच्या छावणींत दगडासारखीं बिस्किटें मिळालीं, आणि मग वाळवंटांतून शेकडों मैलांची पायपीट. रास-अल-ऐन येथें पुष्कळांस बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलें. हजारों वाटेंत व छावण्यांत मेले. उरलेले १९१८ च्या युद्धबंदीनंतर घरीं आले.

युद्धानंतर ११७ व्या पलटणीस ‘रॉयल’ हा किताब मिळाला. गांवांस मिळाली ती संगमरवरी पाटी: या गांवांतून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले. सातारा व कोंकणांतील कित्येक गांवांत ती अद्यापि भिंतींत बसविलेली दिसते. तीवर आंकडे आहेत, नांवें नाहींत. कूटहून जिवंत परतलेला शिपाई पहिल्या आंकड्यांत मोजला गेला, एवढीच त्याची नोंद.