पूररेषा

नदीला ठरावीक विसर्गाचा पूर आला असता काठावर पाणी जिथवर चढेल, ते बिंदू जोडून नकाशावर आखलेली रेषा म्हणजे पूररेषा. तिच्या आतल्या जमिनीवर काय बांधता येईल, हे नगररचनेचे नियम ठरवतात. महाराष्ट्रात अशा दोन रेषा आखतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो मोठा असेल त्याची निळी. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. वर धरण असेल तर सांडव्यावरून सुटणारे पाणी आणि धरणाखालच्या मुक्त पाणलोटातला येवा, दोन्ही हिशेबात धरावे लागतात.

लाल रेषेच्या पुराची शक्यता दरवर्षी एक टक्का असते. तो एकदा येऊन गेला म्हणून पुढची ९९ वर्षे निर्धास्त राहता येत नाही. तीस वर्षे उभ्या राहणाऱ्या घराला तो गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी तिथे ५५ फुटांच्या वर गेले. असे दोन पूर नोंदीत आले की वारंवारितेचे आधीचे आकडे नव्याने काढावेच लागतात.

केंद्राने १९७५ मध्ये पूरक्षेत्र-निर्बंधांच्या विधेयकाचा नमुना राज्यांना पाठवला. मणिपूर (१९७८), राजस्थान (१९९०) आणि उत्तराखंड (२०१२) अशा मोजक्याच राज्यांनी कायदे केले. महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा न करता पाटबंधारे खात्याचे १९८९ चे परिपत्रक आणि विकास नियंत्रण नियमावली यांवर काम भागवले आहे. रेषा जलसंपदा विभाग ठरवतो, बांधकाम परवानगी महापालिका किंवा नगरपालिका देते. या दोन दारांच्या मधल्या जागेत बरेच काही निसटते.

राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीनुसार नदीकाठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र आहे. तिथे बाग, मोकळे वाहनतळ, स्मशानभूमी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असे मोजके वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषांमधल्या नियंत्रित क्षेत्रात बांधकाम करता येते, मात्र ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच असावे लागते. आतला रहिवासी यामुळे कोरडा राहील. पण ही उंची भराव टाकून गाठली, तर तिथे पूर्वी मावणारे पाणी शेजारच्या प्लॉटवर जाते. एका प्लॉटचा परिणाम नगण्य असतो. पन्नास प्लॉट भरले की पूर्वीच्या नकाशावरची पातळी खरी उरत नाही. पाणी खालून वाहू देणाऱ्या खांबांवर इमारत उभी करणे त्या मानाने बरे.

म्हणूनच नकाशा नव्याने करायचा तर नदी नव्याने मोजावी लागते. ठरावीक अंतरावर पात्राचे आडवे छेद घेतात: एका काठावरच्या उंच जमिनीपासून पाण्याखालच्या तळापर्यंत आणि पुन्हा पलीकडच्या काठापर्यंत प्रत्येक चढउताराचा तलांक, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची. पुलांचे खांब, बंधारे, काठावरच्या भिंती आणि राडारोड्याचे ढीगही नोंदवतात. हे सारे संगणकीय प्रारूपात घालून पाण्याची पातळी काढतात. ती ताडून पाहायला उत्तम साधन म्हणजे मागच्या पुराने घरांच्या आणि देवळांच्या भिंतींवर ठेवलेल्या खुणा. पूर ओसरल्यावर रंगरंगोटी होण्याआधी त्यांचे तलांक घेतले नाहीत, तर तो पुरावा कायमचा जातो.

ही पडताळणी किती गरजेची आहे, ते पुण्यात दिसले. मुठेसाठी निळी रेषा ६० हजार आणि लाल रेषा एक लाख क्युसेक विसर्गाची धरलेली आहे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून त्याहून बराच कमी विसर्ग होत असतानाही सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. अशा वेळी नुसते धरणाचे आकडे पाहून भागत नाही. धरणाखालच्या ओढ्यांचा येवा आणि पात्राचे बदललेले छेद दोन्ही तपासावे लागतात.

सुधारित रेषा विकास आराखड्यात आणायची तर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ नुसार फेरबदल करता येतो. सूचना प्रसिद्ध करून महिनाभर हरकती मागवतात. खरी झुंज इथे होते. रेषा गट नंबरांच्या नकाशावर उतरली की कोणाचा प्लॉट निळ्यात आणि कोणाचा लालमध्ये, ते उघड होते आणि जमिनीचा भाव त्यावर फिरतो. चिपळूणसारख्या गावात, जिथे बाजारपेठच वाशिष्ठीच्या पूरक्षेत्रात आहे, काटेकोर रेषा म्हणजे पुनर्बांधणी अडणार, ही लोकांची भीती निराधार नसते. पण त्यावर उपाय म्हणून रेषा नदीकडे सरकवणे चुकीचे आहे. रेषा मोजणीने ठरावी. सवलत द्यायचीच तर ती नियमात उघडपणे द्यावी.

नवी रेषा आली तरी परवानगी घेऊन बांधलेली जुनी घरे त्यामुळे बेकायदा ठरत नाहीत. निषिद्ध क्षेत्रातही जुन्या अधिकृत मिळकतीचा पुनर्विकास होऊ शकतो. त्यासाठी लाल रेषेपेक्षा ०.४५ मीटर उंचीची अट आणि जलसंपदा विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते.