१८२० वसाहतकार राष्ट्रीय स्मारक

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातील माखांडा (पूर्वीचे ग्रॅहॅम्सटाउन) शहरातील एक स्मारकवास्तू. ब्रिटिश शेतकरी-वसाहतकारांच्या १८२० मधील आगमनाप्रीत्यर्थ ती गनफायर टेकडीवर बांधण्यात आली. तिचे उद्‌घाटन १९७४ मध्ये झाले.

फिश नदीच्या पश्चिमेकडील झूरफेल्ड प्रदेशातून जॉन ग्रॅहॅमच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश फौजांनी १८११-१२ मध्ये खोसा लोकांना हुसकावले. तेथे स्थापन झालेल्या लष्करी ठाण्यास ग्रॅहॅमचे नाव मिळाले. या ठाण्यावर खोसा नेता माखांडा याने १८१९ मध्ये केलेला हल्ला फसला. त्याला रॉबेन बेटावर कैदेत ठेवण्यात आले. तेथून निसटताना तो बुडाला. पुढे सरहद्द राखण्याच्या हेतूने सु. ४,००० ब्रिटिश स्त्री-पुरुष व मुले या प्रदेशात वसविण्यात आली. प्रत्येक प्रौढ पुरुषामागे १०० एकर जमीन देण्याची योजना होती. परंतु गव्हावरील तांबेरा, अवर्षण व पूर यांमुळे पिके बुडाली आणि पुष्कळांनी शेती सोडून व्यापार वा कारागिरी पत्करली.

स्मारक लोकांच्या वापरात राहावे, या कल्पनेने त्यात नाट्यगृह व सभागृहे योजलेली आहेत. राष्ट्रीय कला महोत्सवाचे ते प्रमुख केंद्र होय. १९९४ मधील आगीत वास्तूची मोठी हानी झाली; पुनर्बांधणीनंतर १९९६ मध्ये नेल्सन मंडेला यांच्या हस्ते ती पुन्हा खुली झाली. २०१८ मध्ये शहराचे ग्रॅहॅम्सटाउन हे नाव बदलून माखांडा करण्यात आले. अशा रीतीने, ज्याच्या लोकांच्या भूमीवर वसाहत झाली, त्याच्याच नावाच्या शहरात वसाहतकारांचे हे स्मारक उभे आहे.